निळ्या दोऱ्याचं मांजर

परवा नातीचा फोन आला. ती परदेशात असते, जिथं उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालून फिरतात म्हणे. तिला तिथं कचऱ्याच्या डब्यामागं मांजराचं एक पिल्लू सापडलं. भाड्याच्या घरात मांजर ठेवायची परवानगी नाही, म्हणून ती त्याच्यासाठी कायमचं घर शोधतेय. आणि तिकडची रीत अशी, की मांजर मागायला येईल त्याची आधी मुलाखत घ्यायची. घर कसं आहे, खिडक्यांना जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं. ही पोरगी लोकांच्या घरी जाते, त्यांच्या सोफ्यावर बसून प्रश्न विचारते आणि पटलं नाही तर नाही म्हणून उठून येते.

"आजी, मी त्यांना काय काय विचारू गं?" ती म्हणाली.

मला इतकं हसू आलं की फोन हातातून सुटता सुटता राहिला. अगं बाई, हा उद्योग मी तुझ्यापेक्षा लहान असताना करून बसले आहे. फक्त आमच्याकडं मुलाखत मांजराची झाली होती. आणि मांजरापेक्षा जास्त माझी.

तिला फोनवर थोडंच सांगता आलं. बाकीचं इथं लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आम्ही येडशीकडचे. त्या साली आमच्या विहिरीत बादली सोडली की खालून दगडाचा आवाज यायचा. ईटच्या अलीकडं एका गावात पाझर तलावाचं काम निघालं, तिथं आम्हांला लावलं. गावाचं नाव मी लिहिणार नाही, नाहीतर तिथल्या लोकांच्या नातवंडांचे फोन येतील. नवरा, सासू आणि मी अशी तिघं पोत्यांचं पाल ठोकून तिथं राहायला गेलो. सासरे बैलाला सांभाळत घरी राहिले. मला तर तो परमुलूखच वाटला होता. तेरखेड्याचं माहेर आणि येडशीचं सासर यापलीकडं मी कुठं गेलेच नव्हते.

तेव्हाची मी काय चीज होते, ते आधी सांगते. विशीतली, सातवी पास, आणि कुणी विचारलं नाही तरी सातवी पास असल्याचं सांगणारी. डोक्यावर मातीचं घमेलं असलं तरी वेणी दिसावी म्हणून पदर मागं सरकवणारी. राग आला की मी पुस्तकातली भाषा बोलायचे. "हे सर्वथा अयोग्य आहे," असं. मुकादमाला पहिल्यांदा हे वाक्य ऐकवलं तेव्हा त्यानं माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "हिला ऊन लागलंय का रं?"

तलावाच्या भिंतीला दगड लागायचा, म्हणून शेजारच्या टेकडीला सुरुंग लावत. मुकादम शिट्टी वाजवायचा, लाल फडकं हलवायचा आणि आम्ही सगळे ओढ्याच्या पलीकडं पळायचो. एकदा अशीच शिट्टी झाली, आम्ही पळालो, आणि मला मागून बारीक आवाज आला. दगडांच्या ढिगात काहीतरी ओरडत होतं. मी वळले आणि उलटी धावत सुटले.

"ए तेरखेडकरीण! माघारी फिर! मरायचंय का?"

"वात पेटवली का?"

"आता पेटवणार व्हतो!"

"मग थांबा की जरा!"

दगडांच्या फटीत मुठीएवढं पिल्लू होतं. राखी अंगावर पिवळे डाग, जणू भिंत सारवता सारवता कुणी मध्येच उठून गेलं असावं. मी त्याला पदरात घेतलं आणि पळत आले. पुढं कित्येक वर्षं मी ही गोष्ट सांगताना सुरुंगाच्या धुरातून पिल्लू आणायचे. नवरा दर वेळी मध्येच म्हणायचा, "वात पेटलेलीच नव्हती." बायकोला मोठं होऊ द्यायचं नाही, ही त्याची खोड शेवटपर्यंत गेली नाही.

आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, दमा होता. त्यांनी पिल्लाकडं पाहिलं आणि आधीच दोनदा खोकून घेतलं.

"मांजराचा केस नाकात गेला की म्या मेले समज."

"बाहेर ठेवीन, आत्या."

"ठिव बाहेर. पर काम सुटल्यावर ती घरी यायचं न्हाय. एक खोली हाय आपली. त्यात एक तर म्या ऱ्हाईन न्हायतर ती."

मी होय म्हणाले. काम संपायला अजून अवकाश होता आणि विशीतल्या बाईला पुढच्या महिन्याची फिकीर नसते. पालाबाहेर फुटकं घमेलं पालथं घालून मी त्याखाली पिल्लाची जागा केली. कामावर मिळणारी सुकडी, ते गोड पीठ, पाण्यात कालवून त्याला चाटवली. कामाभोवती उपाशी कुत्री हिंडायची. त्यांच्या भीतीनं घमेल्यावर मी एक दगड ठेवायचे. इथून गेल्यावर त्या घमेल्यावर दगड कोण ठेवणार, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसला तो उतरलाच नाही.

आणि मग मी शहाणपणा केला.

सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरातले देव त्यांनी विहिरीत सोडले होते आणि आमच्या वस्तीवर निळा झेंडा लागला होता. त्या झेंड्याच्या कापडाची एक चिंधी मी माझ्या पत्र्याच्या पेटीत जपली होती. तिची दोरी वळली आणि पिल्लाच्या गळ्यात बांधली. पिल्लू माझं आहे हे लांबून दिसावं, एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला मिरवायचं होतं.

नवऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, "आता हिला बी दीक्षा दिलीस का?"

"दिली."

"तिला इचारलंस का?"

ती बया तर सगळ्या पालांतून हिंडायची. कामावर पाणी पाजणारा आम्हांला ओंजळीत वरून धार सोडायचा, आणि ज्या बायकांना त्यांच्या मडक्याला माझा हात लागलेला चालत नव्हता, त्यांच्याच मडक्याच्या कडेला ही जीभ लावायची. त्या बाया हसायच्या, "लई धीट हाय गं तुजं मांजर!" मीही हसायचे. आतून जळायचे आणि वरून हसायचे.

भिंत पुरी होत आली. पालं मोडायची बोलणी सुरू झाली, आणि मी मांजराला घर शोधायला गावात निघाले.

गावाच्या तोंडाशीच चहाचं हॉटेल होतं. आमचे कप तिथं बाहेर खुंट्यांना वेगळे टांगलेले असत. आपणच उतरवायचे, पिऊन आपणच धुवायचे आणि पुन्हा टांगून ठेवायचे. हॉटेलवाल्यानं पिल्लू पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"लई गुणाचं दिसतंय. दुधाच्या पातेल्यावर उंदीर नाचतेत माझ्या. ठिव." मग त्याची नजर गळ्याकडं गेली. "ह्ये काय?"

"दोरा."

"दोरा हाय ती मला बी दिसतंय. काढ ती."

"का?"

"गिऱ्हाईक इचारंल, कुणाचं मांजर म्हून."

"मग सांगा की."

तो हसला. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. "बघ बाई, दोरा काढ अन् खुशाल ठिवून जा. दूध पाजीन, भाकर घालीन. दोऱ्यासंगट न्हाय जमायचं."

"हे सर्वथा अयोग्य आहे," मी म्हणाले आणि पिल्लू घेऊन निघाले.

पालावर आल्यावर नवरा म्हणाला, "मांजराला घर बघाया गेलतीस का भांडाण कराया?"

"दोन्ही."

"एका येळंला एकच व्हतं."

त्याचं बरोबर होतं. पिल्लाला त्या दोऱ्याचं काहीच नव्हतं. उलट मागचा पाय उचलून ते तो खाजवत बसायचं. दुधाचं पातेलं समोर होतं आणि मी चिंधीसाठी ते लाथाडून आले होते. आज मी त्या विशीतल्या पोरीच्या वेणीला हिसडा देऊन म्हटलं असतं, की अगं बावळट, तू जेवून खाऊन भांडतेस, ती उपाशी आहे. एवढं म्हटलं असतं, आणि दोरा मात्र आजही काढला नसता.

दुसऱ्या दिवशी कामावर निरोप आला. गावातल्या सोसायटीच्या चेअरमनच्या आईला मांजर हवं होतं. त्यांचं घर सोसायटीच्या गोदामाला भिंतीला भिंत लावून होतं, आणि गोदामात रेशनची लाल ज्वारी, ती परदेशातून आलेली मिलो, उतरवल्यापासून उंदरांनी त्यांच्या घराचंही गोदाम करून टाकलं होतं. निरोपात एक सूचना होती. मांजर पोत्यात घालून, तोंड बांधून आणायचं. वाट दिसली तर ते परत जातं.

मी पोत्यात घालून नेलं. चेअरमनची आई ओट्यावर बसली होती. सगळं गाव तिला आईसाहेब म्हणायचं. मी खाली रस्त्यावर उभी राहून म्हणाले, "काकू, मांजर आणलंय."

काकू हा शब्द तिनं तोंडात धरून चघळला, पण गिळला. उंदरांनी तिला तेवढं नरम केलं होतं.

"पायरीवर ठिव अन् मागं सर."

मी पोतं पायरीवर ठेवलं आणि मागं सरले. तिनं येऊन ते उचललं. देणाऱ्याचा हात घेणाऱ्याला लागू नये अशी ती सगळी सोय. मला ती पाठ होती, इतकी पाठ की माझे पाय आपोआप मागं सरकले होते, आणि सरकल्यावर मला स्वतःचाच राग आला.

पोतं सोडल्यावर तिला दोरा दिसला. ती लगेच वळली. आत गेली, तांब्या घेऊन आली. तांब्यात गोमूत्र होतं. तिनं बोटं बुडवली आणि पिल्लावर शिंपडलं.

मांजर ते. त्याच्या डोळ्यांत थेंब गेला असेल. ते असं उडालं की पायरीवरून ओट्यावर, ओट्यावरून उंबऱ्यातून आत, आणि आतून भांडी पडल्याचे आवाज. म्हातारी मागं धावली. मी रस्त्यावरून सगळं ऐकत होते.

"अगं देवाऱ्यात गेली! हाकला! दिव्याला शेपूट लागंल तिचं! अगं चुलीकडं गेली! उतरंडीवर चढली मेली! कुणी हात लावू नगा, उतरंड पडंल!"

 मग म्हातारी दारात आली, धापा टाकत.

"ए पोरी, हाक मार तिला."

मी रस्त्यावरून हाक मारली. अगदी मायेनं, अगदी हळू. ऐकू जाणार नाही इतकी हळू.

"अगं न्हाय येत ती! तूच ये, आत ये!"

"मी आत आलेलं चालंल, काकू?"

"ये म्हणते न्हवं!"

"पाय मातीचं हायेत माझं."

"अगं ये की मेले, माझी उतरंड!"

मी गेले. ओट्यावरून, उंबरा ओलांडून, माजघरातून थेट चुलीपाशी. घाई केली नाही. तेवढी लबाडी मला विशीतही येत होती. मी एकेक गोष्ट बघत गेले. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की त्या घरांच्या आत काहीतरी निराळं असेल, म्हणून तर ते इतकं जपतात. चूल माझ्या चुलीसारखीच होती. एका बाजूचा पोपडा निघालेला, पुढं राख सांडलेली. उतरंडीवरची निम्मी मडकी रिकामी होती, दुष्काळ त्यांच्याकडंही होता. सगळ्यांत वरच्या मडक्यावर निळा दोरा घालून माझी बया बसली होती. मी हात वर केला तशी ती खांद्यावर उतरली.

बाहेर आल्यावर म्हातारी म्हणाली, "ठिव आता. शुद्ध झालंय ती."

"न्हाय काकू," मी म्हणाले, "माझं मांजर बाटलं. घरी नेऊन धुवावं लागंल."

एवढं बोलून मी वेणी उडवत निघाले. असली बहादुरी! धुवायला पाणी कुठलं? टँकर दोन दिवस आला नव्हता. ते पिल्लू आमच्या पालाशेजारी गोमूत्राचा वास मारत झोपलं, आत्या रात्रभर खोकल्या आणि नवरा म्हणाला, "बाटल्यालं मांजर लई वास मारतंय गं."

आता गावात मला कोण घर देणार? चेअरमनच्या आईला उलट बोललेली बाई म्हणून माझी कीर्ती झाली होती. ती मला आवडत होती हेही कबूल आहे, पण कीर्तीनं मांजराचं पोट भरत नाही. पालं मोडायचा दिवस जवळ आला. कुत्री घमेल्याभोवती फेऱ्या घालायला लागली, जणू त्यांनाही मुकादमानं तारीख सांगितली होती.

मग रेशनचा दिवस आला. गोदामासमोर लिंबाखाली मोठा काटा मांडलेला, चेअरमन खुर्चीवर बसलेला, हमाल मापं टाकणारा आणि बायांची लांब रांग. त्या मिलोत उंदराच्या लेंड्या इतक्या असत की घरी नेऊन निवडण्यात सगळी संध्याकाळ जायची. रांगेत उभी असतानाच त्यावरचा उपाय माझ्या डोक्यात आला, असं मी सांगत असे. खरं असं की आदल्या दिवशी लेंड्या निवडताना आत्या म्हणाल्या होत्या, "तुजं मांजर त्या गोदामात सोडलं असतं तर बरं झालं असतं." मी ती कल्पना उचलली आणि माझी म्हणून मिरवली.

रांगेत येताना मी पिल्लू उघडंच खांद्यावर घेऊन आले होते. आत्यांनी बजावलं होतं, "पोत्यात घाल गं. वाट दिसली की माघारी येतंय मांजर." यावर त्या सातवी पास बाईनं सासूला भाषण दिलं. आपण देव सोडले, आता असल्या अंधश्रद्धा पण सोडायला पाहिजेत, आणि माझं मांजर काय चोरीचा माल आहे का पोत्यात लपवून न्यायला. भर गल्लीतून, देवळासमोरून, हॉटेलासमोरून मी त्याला सगळी वाट दाखवत आणलं.

माझा नंबर आला तेव्हा मी पिल्लू काट्याच्या पारड्यात ठेवलं.

"ह्ये काय?" चेअरमन म्हणाला.

"जमा करून घ्या, चेअरमनसाहेब. गोदामात उंदीर हायेत. हे सोसायटीचं मांजर. कुणाच्या घरचं न्हाय, कुणाच्या चुलीपाशी जायचं न्हाय. दोरा असाच राहील."

त्याला आईची हकिकत माहीत होती. पण एवढ्या बायांसमोर चिडणं बरं दिसणार नाही हेही त्याला कळत होतं. तो मिशीतून हसला. "सोसायटीत काय घ्यायचं तर ठराव लागतो बाई. हात वर करून पास करावा लागतो."

मी रांगेकडं वळले. "ज्यांना मांजर पाहिजे त्यांनी हात वर करा."

आधी आमच्या बायांचे हात वर गेले. मग मधल्या धनगराच्या बायांचे. मग पाटलाच्या गल्लीतल्या बायांचेही, कारण लेंड्या त्यांच्याही सुपात असायच्या. हात वर करताना कुणाची पिशवी कुणावर पडली, कुणाचा कुणाला धक्का लागला. त्या घडीला कुणी लक्ष दिलं नाही.

"बायकांचं मत धरत न्हाईत," चेअरमन म्हणाला. "सभासद तुमचं मालक हायेत."

रांगेतून एक म्हातारी खणखणीत बोलली, "मग लेंड्या बी मालकास्नी निवडाया सांग की! उद्यापास्नं आमी न्हाय निवडत!"

असा हशा झाला की हमालानं माप खाली ठेवलं. चेअरमनच हसायला लागला तेव्हा ठराव पास झाला. हमालानं पारड्यातून पिल्लू उचललं. मी त्याला बजावलं, "वाढली की दोरा सैल करायचा. काढायचा न्हाय, सैल करायचा." तो म्हणाला, "व्हय बाई, ध्यानात हाय." गोदामाचं दार लागलं आणि मी लढाई जिंकल्यासारखी पालावर परतले. त्या रात्री घमेलं सरळ करून ठेवलं.

पालं मोडायच्या दिवशी सकाळी ट्रक येऊन उभा राहिला. पोती गुंडाळून, गाडगी-मडकी बांधून वर चढवली. नवरा ट्रकवर चढला. मी चढणार, एवढ्यात पायाला काहीतरी मऊ लागलं.

मी दाखवलेल्या वाटेनं, हॉटेलासमोरून, देवळासमोरून, ती चालत आली होती. शेपूट वर, दोरा गळ्यात.

आत्यांनी कमरेवर हात ठेवले. "ही बघ," त्या म्हणाल्या, "आली तुजी अंधश्रद्धा."

आयुष्यात इतकं कमी बोलून मला इतकं कुणी मारलं नाही.

ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. ओढ्याकडची कुत्री उठून उभी राहिली होती. मोकळं पोतं एकही नव्हतं, सगळ्यांत संसार भरला होता. मी मांजर उचललं आणि गावाकडं धावणार, तोच आत्यांनी ते माझ्या हातातून ओढलं.

"दे हिकडं. तुला डोळं झाकाया जमायचं न्हाय."

ज्या बाईला मांजराच्या केसानं दम लागायचा, तिनं ते छातीशी धरलं, पदरानं त्याचे डोळे झाकले आणि भरभर चालायला लागली. मी मागं. गल्लीभर त्यांची धाप ऐकू येत होती. हॉटेलासमोर तर मला वाटलं त्या पडतातच. पण पदर त्यांनी सोडला नाही.

गोदामाला कुलूप होतं. हमाल अजून आला नव्हता. हॉर्न पुन्हा वाजला. आत्या भिंतीला टेकल्या, खोकल्यानं त्यांना बोलता येईना, त्यांनी मांजर माझ्याकडं ढकललं. शेजारच्या ओट्यावर चेअरमनची आई बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

मी पायरीपर्यंत गेले. "काकू, गोदाम उघडंपर्यंत धरा हिला."

"खाली ठिव."

"खाली ठेवली तर पळंल. माझ्या मागं येईल. अन् मी तर चालले."

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग पदर पसरला. "टाक."

"मांजर काय ज्वारी हाय का, वरनं टाकाया?"

मी तिथंच उभी राहिले. या वेळी पाय मागं सरकले नाहीत. मीच सरकू दिले नाहीत. हॉर्न वाजत होता, आत्या खोकत होत्या, आणि ती बया काहीतरी कळल्यासारखी माझ्या दंडाला चिकटली होती. चोळीच्या बाहीत तिनं चारी पंजे रुतवले होते.

म्हातारी उठली. पायरी उतरून खाली आली. हात पुढं केले आणि मांजराला धरलं, पण ते सुटेना. मग तिनं माझ्या दंडावरून एकेक नखी सोडवायला घेतली. एक सोडवली की दुसरी रुतायची. तिची बोटं थंड होती, वाळलेली, माझ्या आईच्या बोटांसारखी. वर बघितलं नाही तिनं. मीही नाही.

"शिंपडायचं न्हाय," आत्या भिंतीपासून म्हणाल्या.

"कुठं कुठं शिंपडू आता," म्हातारी पुटपुटली, "सगळं घर तर फिरून बसलीया."

"अन् दोरा?" मी विचारलं.

"करीन सैल. जा आता." मांजर तिच्या हातात आलं होतं. तिनं आपल्या पदरानं त्याचे डोळे झाकले. "माझं न्हाय ह्ये. सोसायटीचं हाय. सांगून ठिवते."

आम्ही ट्रककडं निघालो. वळून बघायचं नाही असं आत्यांनी सांगितलं, आणि या वेळी मी त्याला अंधश्रद्धा म्हणाले नाही. ट्रक सुरू झाल्यावर त्यांचा श्वास जरा खाली बसला. मग त्या म्हणाल्या, "आता हात धूत असंल ती म्हातारी."

"कशानं?" मी म्हणाले. "पाणी कुठाय?"

आत्या हसायला लागल्या आणि हसता हसता पुन्हा खोकायला लागल्या. मी पाठ चोळत राहिले. नवऱ्याला वाटलं आम्ही रडतोय.

पुढं एकदोन पावसाळे बरे झाले. नवरा ईटच्या बाजाराला गेला होता, तेव्हा मुद्दाम त्या गावात उतरला. आल्यावर म्हणाला, मांजर भलं मोठं झालंय, दिवसा गोदामात असतं आणि जेवायला चेअरमनच्या घरी. म्हातारीशी बोलला का, विचारलं, तर म्हणाला, "बोललो. म्हणाली, माझं न्हाय ती, सोसायटीचं हाय. अन् मांडीवर घिऊन बसली व्हती." गळ्यात दोरा होता. निळाच. पण तो माझा नव्हता, नवा होता. कुणी बांधला ते त्यानं विचारलं नाही. पुरुष महत्त्वाचं तेवढं विचारायचं विसरतात.

"अन् हॉटेलातलं कप?" मी विचारलं.

"बाहीरच हायेत."

तेव्हा कुणी मला असं सांगू नये की म्हातारी बदलली, गाव बदललं. तिनं एक मांजर हातात घेतलं, बाकी काही नाही. पण ते तिला माझ्या हातातून घ्यावं लागलं, आणि ते मांजर तिच्या चुलीपाशी निळा दोरा घालून जेवलं. एवढं मी घडवलं. सासूच्या दम्यावर, नवऱ्याच्या टोमण्यांवर आणि स्वतःच्या मूर्खपणावर चढून घडवलं, पण घडवलं.

नातीचा काल पुन्हा फोन आला. दोन घरं पसंत आहेत म्हणाली, दोन्हीकडं जाळी आहे, दोन्ही माणसं गोड बोलतात, कुणाला देऊ?

मी म्हणाले, "मांजर न्यायचा पिंजरा घरी ठेव. तुझ्या हातातून त्यांच्या हातात दे. मग बघ, नखी कोण सोडवतंय."